‘माए’ शिकताना आपलं ‘मागे’ आडवं येतं

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी दुभाषी म्हणून नवीनच लागले होते. जपानी पाहुण्यांना सांगायचं होतं, ‘हे मशीन 3 वर्षांमागे घेतलं.’ डोक्यात ‘मागे’ घोळत होतं, तोंडातून निघालं ‘सान्नेन उशिरो’. पाहुण्यांनी वाकून मशीनच्या पाठीमागे काय आहे ते पाहिलं! उशिरो म्हणजे पाठीमागची जागा. हवं होतं ‘सान्नेन माए’, म्हणजे 3 वर्षांपूर्वी.

आता ठाण्यात घरी शिकवणी घेते, तेव्हा हा किस्सा आधी सांगून टाकते. माए म्हणजे समोर. आपण गेलेला काळ पाठीमागे टाकतो, ‘मागे एकदा’ म्हणतो, आणि येणारा तो ‘पुढे’. जपानीत झालेली गोष्टही माएच. म्हणून काळाचं वाक्य असेल तर त्यातलं ‘मागे’ खोडायचं, ‘आधी’ किंवा ‘पूर्वी’ लिहायचं आणि मगच जपानीकडे वळायचं.

जागा सांगायची तर मध्ये ‘नो’ लागतो, आपल्या ‘च्या’सारखा. ‘रंगायतन नो माए नि इके गा आरिमास’, म्हणजे गडकरी रंगायतनच्या समोर तळं आहे. जेवणाच्या आधी? ‘शोकुजि नो माए नि’. इथेही नो. पण 3 वर्षं, 1 आठवडा असं काळाचं माप आलं की नो गळतो: सान्नेन माए, इश्शुउकान माए. ‘सान्नेन नो माए’ म्हणालात की चुकलात.

घड्याळाशी जरा जपून. ‘जुप्पुन माए’ म्हणजे 10 मिनिटांपूर्वी, पण ‘जुउजि जुप्पुन माए’ म्हणजे दहाला दहा कमी. लोकल पकडायची असेल तर हा फरक महागात पडतो.

क्रियापदाला मात्र सगळे अडखळतात. ‘नेरु माए नि हा ओ मिगाकिमास’, झोपण्याआधी दात घासते. काल घासले असतील तर शेवट ‘मिगाकिमाशिता’ होईल, पण नेरु तसाच राहील. मुलं हटकून नेरुचं भूतकाळी रूप घालून ‘नेता माए नि’ लिहितात, कारण झोप तर कालच झाली ना! मी विचारते, मराठीत तुम्ही काय म्हणता? ‘झोपण्याआधी घासते’, ‘झोपण्याआधी घासले’. ‘झोपण्याआधी’ बदललं का? नाही. मग नेरु कशाला बदलता? एवढ्यावर बहुतेकांचं डोकं चालू लागतं. इथे नो घालायचा नाही, ‘नेरु नो माए नि’ कानाला खटकतं.

‘मघाशी’साठी माए नको, ‘साक्की’ आहे. आणि ऑफिसातून इतरांच्या आधी निघताना ‘ओसाकि नि शित्सुरेइ शिमास’ म्हणायचं: तुमच्या आधी निघतेय, माफी असावी. बसलेल्यांना ‘येते हं’ म्हणून उठण्यासारखंच, फक्त जरा ओशाळून.