झोपेत ओरडणे घराण्यात आहे की आघातातून आले आहे: डॉक्टरांकडे नेण्यासाठी नोंद कशी करावी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, किल्लारीचा भूकंप झाला. तो झोपेतच गाठणारा असल्यामुळे लातूर-धाराशिव भागातील कितीतरी माणसांना पुढे अंथरुणाचीच भीती वाटू लागली. अशा घरांत कोणी रात्री ओरडत असेल, हातपाय झाडत असेल, तर ‘हे आमच्या घराण्यातच आहे’ असे सहज म्हटले जाते. ते कितपत खरे आहे हे तपासायचे असेल, तर तीन पिढ्यांची नोंद करावी.

आघातानंतरच्या मानसिक विकाराची (पीटीएसडी) प्रवृत्ती काही अंशी अनुवांशिक असते. व्हिएतनाम युद्धाच्या काळातील अमेरिकी सैन्यातल्या जुळ्या भावांचा अभ्यास भूकंपाच्याच वर्षी प्रसिद्ध झाला आणि त्यात माणसामाणसांतील लक्षणांच्या फरकाचा सुमारे एक तृतीयांशापर्यंतचा भाग अनुवांशिक असल्याचे दिसले. २०२४ साली बारा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून या विकाराशी जोडलेल्या ९५ जनुकीय जागा (गुणसूत्रांवरील ठिकाणे) नोंदवल्या गेल्या. त्या प्रवृत्तीचा काही भाग निद्रानाशाच्या प्रवृत्तीशी सामाईक आहे. मात्र प्रत्येक जागेचा परिणाम अगदी लहान असल्याने, जनुकचाचणीवर पैसे घालवू नयेत.

नोंद करताना मोठी अडचण ही येते, की घरातील सगळ्यांनी एकच रात्र भोगलेली असते, आणि त्यामुळे बाप व मुलगा दोघेही दचकून उठतात एवढ्यावरून रक्ताचा संबंध सिद्ध होत नाही. म्हणून त्या रात्री गावात नसलेली सख्खी माणसे शोधावीत: लग्न होऊन जालन्याकडे गेलेली आत्या, पुण्यात नोकरीला असलेला काका. त्यांनाही तसाच त्रास असेल, तर वारशाची शक्यता वाढते. ढिगाऱ्यातून निघालेल्यांनाच तो असेल, तर आघाताचे पारडे जड मानावे. त्याच ढिगाऱ्यातून वाचलेल्या सुनेचीही चौकशी करावी, कारण तिचे रक्त वेगळे आणि धक्का तोच असतो. भूकंपानंतर जन्मलेल्या मुलांचा पुरावा मात्र जपून वापरावा. ती त्याच भीतीच्या सावलीत वाढलेली असतात.

माहिती पत्नीकडून घ्यावी. झोपणाऱ्याला स्वतःचे वागणे सहसा ठाऊकच नसते. त्रास भूकंपाआधीपासून होता का, रात्रीच्या कोणत्या प्रहरी होतो, डोळे उघडे असतात का, आणि जागे केल्यावर स्वप्न सांगता येते का, हे तिला विचारावे. रात्रीच्या सुरुवातीलाच उघड्या डोळ्यांनी उठून चालणारा आणि सकाळी काहीही न आठवणारा माणूस बहुधा झोपेत चालण्याच्या विकाराचा असतो. पहाटेकडे, डोळे मिटलेले असताना स्वप्नातल्या शत्रूला गुद्दे मारणारा आणि जागा होताच ते स्वप्न सांगणारा माणूस निराळा. स्वप्न पाहताना स्नायू शिथिल राहण्याची जी नैसर्गिक व्यवस्था असते, ती त्याच्यात बिघडलेली असू शकते. १९८६ साली वर्णन झालेल्या या विकाराच्या (आरईएम झोपेतील वर्तनविकार) जनुकांचे नाते काही अंशी कंपवाताशी (पार्किन्सन) जुळते. म्हणून आजोबांचा हात थरथरत असे का, चाल मंदावली होती का, वास येणे कमी झाले होते का, हेही लिहावे. आघाताच्या दुःस्वप्नांतही माणूस हातपाय झाडू शकतो, त्यामुळे घरच्या घरी निदान ठरवू नये.

घोरणे, दारू आणि चालू गोळ्यांची नावे नोंदीत असावीत. नैराश्यावरील काही औषधांनी अशी लक्षणे उद्भवू शकतात, परंतु ती मनाने बंद करू नयेत. उपचार सुरू होईपर्यंत उशाजवळचा विळा, कोयता, काठी दूर ठेवावी, माणसाला उंच खाटेऐवजी जमिनीवर निजवावे आणि गच्चीवर झोपू देऊ नये.

ही नोंद, आणि जमल्यास रात्रीचे मोबाईलवरील चित्रण, छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात दाखवावे. पक्क्या निदानासाठी रात्रभराची निद्राचाचणी लागू शकते. ती कोठे होईल, हे तेथेच विचारावे. तोवर मन फार बिघडलेले असेल, तर टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते.