सिग्नल फुल्ल, तरी कॉल तुटतोय

साताऱ्याकडच्या डोंगराआडच्या एका गावात मोबाइल कंपनीचा रिपीटर (टॉवरचा सिग्नल उचलून, वाढवून गावाला देणारं यंत्र) होता. मोबाइलवर दांड्या फुल्ल, पण कॉल तुटायचे. शिवाय ज्या टॉवरचा सिग्नल तो उचलायचा, त्याच्या अपलिंकमध्येही (मोबाइलकडून टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलमध्ये) गोंगाट वाढलेला.

स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर (कोणत्या फ्रीक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र) लावला, तर 890 ते 915 मेगाहर्ट्‌झच्या अपलिंकमध्ये एकही कॉल चालू नसताना सिग्नलचा सुळका उभा! लग्नाच्या मांडवात माइक स्पीकरसमोर आला की शिट्टी वाजते, तसलाच प्रकार. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) 80 डीबी, म्हणजे डेसिबल, ठेवलेला आणि दोन अँटेनांमधलं आयसोलेशन (एकीचा सिग्नल दुसरीपर्यंत पोचताना किती घटतो ते) भरलं जेमतेम 78. ते गेनपेक्षा निदान 15 डीबीने जास्त पाहिजे.

टॉवरकडे बघणारी यागी अँटेना पाण्याच्या काँक्रीटच्या टाकीपलीकडे नेली. गावाकडची अँटेना खाली उतरवली आणि दोघींच्या पाठी एकमेकींकडे केल्या. आयसोलेशन 92 झालं. गेन मात्र 74 वर आणला, सुळका गेला. (गेन वाढवून रेंज वाढते हा समज फील्डवर भलताच चिवट आहे.)

फिल्टरही आपल्याच चॅनेलपुरता आवळला, नाहीतर शेजारच्या चॅनेलचा कचराही फुकटात वाढवला जातो. टोकाच्या घरांत एक दांडी कमी दिसते, पण कॉल तुटत नाही.