काल सकाळी आल्यावर आधी काय केलंत?

"तुमचं संशोधन कशावर आहे?" हा प्रश्न आम्ही शास्त्रज्ञांच्या पहिल्या सहा मुलाखतींत विचारला आणि सहाही वेळा शोधनिबंधाचा गोषवारा ऐकून परत आलो. सातव्या वेळी माझ्याबरोबर आलेल्या मुलाला काही सुचेना, म्हणून तो म्हणाला, "मॅडम, काल सकाळी आल्यावर आधी काय केलंत?" मॅडम हसल्या. "माश्या वेगळ्या केल्या. आज संध्याकाळी पुन्हा वेगळ्या करायच्या आहेत." पुढचा दीड तास आम्ही फक्त माश्यांबद्दल बोललो, आणि आमच्या गटाचा पहिला वाचण्याजोगा लेख त्यातून निघाला.

शास्त्रज्ञ दिवसभर नेमकं काय करतात हे विद्यार्थ्यांनी मिळून लोकांपुढे मांडायचं, असा गट मी तीन वर्षं चालवला. तुम्ही सुरू करणार असाल तर आमच्या चुका तरी पुन्हा करू नका.

आधी माणसं. एकाच विभागातली मुलं गोळा करू नका. मी भौतिकशास्त्राची, माझ्याबरोबर जीवशास्त्राचे दोघे, संगणकाचा एक, रसायनशास्त्राची एक आणि इतिहासाची एक मुलगी होती. सगळ्यांत उपयोगाची ठरली ती इतिहासवाली, कारण "पण हे करायचंच कशाला?" असं विचारायला तिला लाज वाटत नसे. आमचा नियम असा झाला की प्रत्येक भेटीला दोघांनी जायचं, एक जाणता आणि एक कोरा. प्रश्न कोऱ्याने विचारायचे, नोंदी जाणत्याने घ्यायच्या. सुरुवातीला आम्ही नेमकं उलटं करत होतो. जाणत्याने प्रश्न विचारले की दोघे तज्ज्ञ आपसात बोलू लागतात आणि वाचक बाहेर उभा राहतो.

सहा-सात जण पुरतात. मध्ये आम्ही बारा झालो होतो, तेव्हा निम्मा वेळ बैठकीची वेळ ठरवण्यात जायचा. आणि लिहायला सगळे तयार असतात, दुसऱ्याचं लिखाण तपासायला कोणी नसतं. म्हणून पाळी लावा: आज ज्याने लिहिलं, त्याने पुढचा लेख संपादित करायचा. नाही केला तर त्याचा लेख पुढे सरकायचा नाही. हे कडक वाटेल, पण दुसऱ्या सत्राच्या परीक्षा आल्या की याच नियमावर गट तगतो. पहिला लेख बाहेर काढण्याआधी चार लेख तयार ठेवा, नाहीतर परीक्षेच्या महिन्यात सगळं ठप्प होतं.

परवानगी मागताना विभागप्रमुखांपासून सुरुवात करू नका. पीएचडी करणाऱ्या एखाद्याला आधी भेटा. बाकावरचं, म्हणजे प्रयोगाच्या टेबलावरचं काम तोच करत असतो आणि कोणत्या दिवशी बघण्यासारखं काही आहे हेही त्यालाच ठाऊक असतं. तो हो म्हणाला की मग त्याच्या गाईडकडे रीतसर पत्र. पत्रात चार गोष्टी हव्यात: किती वेळ लागेल, फोटो काढणार की नाही, लेख आधी दाखवणार की नाही, आणि नको म्हटलं तर आम्ही थांबू. शेवटचं वाक्य लिहिल्यापासून नकार कमी झाले, हे जरा गमतीचंच आहे.

आता त्या माश्या. फळमाशीवर काम करणाऱ्या लॅबमध्ये कोणत्या नराचा कोणत्या मादीशी संकर झाला हे पक्कं माहीत असावं लागतं, म्हणजे माद्या आधी कोणाशी संग न झालेल्याच हव्यात. कोषातून बाहेर आल्यावर 25 अंश तापमानाला मादी साधारण आठ तास नराला जवळ येऊ देत नाही. म्हणून सकाळी आल्या आल्या माश्यांच्या बाटल्या रिकाम्या करायच्या आणि आठ तास उलटायच्या आत नव्याने बाहेर आलेल्या माद्या वेचायच्या. माश्यांना कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध करून सच्छिद्र पट्टीवर पसरायचं आणि सूक्ष्मदर्शीखाली बारीक कुंचल्याने एकेक बाजूला सारायची. ताजी मादी फिकट, फुगीर दिसते आणि तिच्या पोटात त्वचेतून एक काळसर ठिपका दिसतो. तो ठिपका दिसला की ती घ्यायची. मॅडमचा कुंचला इतक्या सवयीने चालत होता की बोलताना त्या खाली बघतायत हेही लक्षात यायचं नाही. कोणाचं लग्न असो, सणवार असो, माश्यांचे आठ तास चुकत नाहीत.

शोधनिबंधात हे सगळं एका ओळीत मावतं. पीटर मेडावर या नोबेलविजेत्या जीवशास्त्रज्ञाने 1963 साली रेडिओवरच्या भाषणात विचारलं होतं, वैज्ञानिक शोधनिबंध ही एक प्रकारची फसवणूक तर नाही? आकडे खोटे असतात असं त्याला म्हणायचं नव्हतं. विचार प्रत्यक्षात ज्या वळणांनी गेला ती वळणं निबंधात पुसलेली असतात, असं त्याचं म्हणणं होतं. आपलं काम त्या पुसलेल्या जागेत आहे.

म्हणून प्रश्न नेहमी कालचा किंवा आजचा विचारा. "शेवटची टाकून दिलेली गोष्ट कोणती?", "सध्या कशाची वाट बघताय?", "या खोलीत कोणत्या वस्तूवरून भांडणं होतात?" तिसऱ्या प्रश्नाला हमखास उत्तर मिळतं. एका ठिकाणी ते मार्करवरून होतं: नळ्यांवर नावं लिहायची आणि बाक अल्कोहोलने पुसताना हात लागला की शाई गायब. अल्कोहोलला न जुमानणारा एकच मार्कर होता आणि तो कायम कोणाच्या तरी खिशात. वाचकांनी त्या लेखातलं बाकी सगळं विसरून मार्कर लक्षात ठेवला, आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही.

विद्यार्थ्यांना संकोच वाटत असेल तर त्यांना जॉसलिन बेलची गोष्ट सांगा. 1967 साली केंब्रिजमध्ये ती पीएचडी करत होती. आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीसाठी खांब ठोकण्या-तारा ओढण्यापासून काम केलं होतं, आणि नंतर रोज यंत्रातून निघणारा तीसेक मीटर कागद डोळ्यांनी तपासायचा. त्यातच तिला जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरची एक विचित्र खूण दिसली. तो पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक ठेक्याने रेडिओ लहरींचे ठोके पाठवणारा तारा. 1974 चं नोबेल तिच्या गाईडला आणि केंब्रिजच्याच खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राईलला मिळालं, तिला नाही. नोबेलची बाजू सगळ्यांना ठाऊक असते. मला मात्र रोजचा तो तीस मीटर कागद जास्त मोलाचा वाटतो. तुम्ही ज्या लॅबमध्ये जाल तिथेही असा कागद असतो, आता बहुधा पडद्यावर.

लॅबमध्ये वागायचं कसं, ते थोडक्यात. पायात बंद बूट, केस बांधलेले. फोन बाकावर ठेवायचा नाही आणि हातमोजे घालून त्याला हात लावायचा नाही. तुम्ही उभे राहता ती जागा आधी विचारून घ्या, कारण मोकळा दिसणारा कोपरा बहुतेक वेळा कोणाचा तरी चालू प्रयोग असतो. आवाज रेकॉर्ड करणार असाल तर लॅबच्या बाहेर, जिन्यात करा. लॅमिनार हूड (गाळलेली हवा सोडणारी कामाची पेटी) आणि मोठे फ्रीझर सतत घोंघावत असतात. आतमध्ये कानाला ते जाणवत नाही, घरी ऐकताना डोकं उठतं.

फोटोंबाबत मात्र जरा थांबून बोलते, कारण तिथे आम्ही आपटलो. एका लॅबमधला फार सुंदर फोटो आम्ही टाकला: पुढे पिपेट (थेंब मोजून घ्यायची नळी) धरलेला हात, मागे फळा. फळ्यावर अजून कुठेही न छापलेला निकाल लिहिलेला होता. दोन तासांत फोन आला. आम्ही फोटो काढून टाकला, जाऊन माफी मागितली, पण त्या दारातून आम्हाला पुन्हा आत घेतलं नाही, आणि ते बरोबरच होतं. असा निकाल बाहेर गेला तर दुसरा कोणी आधी छापू शकतो. पेटंटचा अर्ज व्हायचा असेल तर आधीच जाहीर झाल्यामुळे तो हक्कही हातचा जाऊ शकतो. तेव्हापासून आमच्याकडे फोटो तपासणारी व्यक्ती वेगळी असते. ती फोटोत पुढे काय आहे ते बघतच नाही. फळा, संगणकाचा पडदा, उघडी वही, बाटल्यांवरची नावं, आणि रुग्णांचे नमुने असतील तर त्यांवरच्या चिठ्ठ्या, एवढंच बघते.

लेख आधी दाखवायचा का? हो, पण चुका दुरुस्त करण्यासाठी, शब्द बदलण्यासाठी नाही. हे पत्रातच लिहा. नाहीतर "माश्या वेचल्या" या जागी "आनुवंशिक संकरासाठी योग्य माद्यांची निवड करण्यात आली" असं होऊन परत येतं. कोणी फारच आग्रह धरला तर मी समोर बसून तो परिच्छेद मोठ्याने वाचते आणि विचारते, तुम्ही हे तुमच्या आईला असं सांगाल का? बहुतेक जण स्वतःच जुनं वाक्य परत आणतात. फसलेल्या प्रयोगांचं मात्र त्यांच्यावर सोडा. पीएचडीच्या चौथ्या वर्षात असलेल्याला आपलं अपयश नावानिशी छापलेलं नको असू शकतं; नाव गाळून लिहिता येतं.

लेख लहान ठेवा, एका लेखात एकच काम. एखाद्या खगोलशास्त्रज्ञाचा अख्खा दिवस लिहायला गेलात तर यादी होईल. त्यापेक्षा दुर्बिणीचा ठरलेला वेळ ढगांमुळे वाया गेला ती एक रात्र लिहा. गणित किंवा सिद्धांतावर काम करणाऱ्यांकडे जायला मुलं नाखूश असतात, कारण बघायला काही नसतं. तिथे त्यांची कचऱ्याची टोपली मागा. एका सरांनी आम्हाला चुरगळलेले कागद उलगडून दाखवले. चार दिवस एका उणे चिन्हामागे गेले होते.

आणि हस्तांतर. तुम्ही पास होऊन जाणार. ईमेल आणि सगळे पासवर्ड गटाच्या नावावर असू द्या, एखाद्या मुलाच्या खाजगी खात्यावर नकोत. आमचं एक वर्षाचं रेकॉर्डिंग असंच गेलं. शिवाय प्रत्येक लॅबसाठी एक पान ठेवा, पुढच्या मुलांसाठी. आमच्या फळमाशीच्या पानावर एवढंच आहे: "मॅडम सकाळी आठला येतात. पहिला अर्धा तास बोलू नका, मोजणी चालू असते. उजवीकडचं स्टूल मोडकं आहे."