देवळातली वहाण: संतपटाचा अभ्यास कसा करावा

चित्रपटावर निबंध लिहायचा म्हटलं की बहुतेक जण आधी निष्कर्ष ठरवतात आणि मग त्याला साजेशी दृश्यं वेचत बसतात. इथे उलट वाट धरू. आधी पडद्यावर काय दिसतं आणि ऐकू येतं ते लिहायचं, मग त्याच दृश्याला तीन वेगळे प्रश्न विचारायचे: हे कोणत्या प्रकारच्या चित्रपटात शोभतं? हे कोणत्या लोकांच्या रीतीभातीतून आलं? आणि हे ‘आपण कोण’ याबद्दल काय सांगतं? तिन्ही उत्तरं एकच निघाली, तर कुठेतरी घाई झाली आहे असं समजा.

उदाहरणाला प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) हा संतपट, म्हणजे संताच्या आयुष्यावरचा चित्रपट, घेऊ. दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचं, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, जिजाईच्या भूमिकेत गौरी. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, म्हणजे बाहेरच्या डोळ्यांनी तो कसा पाहिला गेला, हाही अभ्यासाचा भाग होतो. लांबी दोन तासांहून थोडी जास्त. नवख्या अभ्यासकाला हे माप झेपतं.

पाहणं: तीन वेळा, तीन तऱ्हांनी

पहिल्यांदा अखंड बघा. वही बंद, हात मोकळे. संपल्यावर पाच मिनिटांत आठवतील ती दृश्यं लिहून काढा. काय आठवलं नाही, हे पुढे उपयोगी पडतं.

दुसऱ्या वेळी दर दहा मिनिटांनी थांबून प्रसंगांची यादी करा. तीस ते चाळीस ओळींत पूर्ण चित्रपट मावतो.

तिसऱ्या वेळी फक्त आठ मिनिटांचा तुकडा घ्या आणि त्याचा शॉटवार तक्ता मांडा. रकाने सहा: वेळ, शॉट जवळचा की लांबचा, कॅमेरा हलतो का, कोण बोलतं किंवा गातं, मागे कोणता आवाज आहे, चौकटीत कोणत्या वस्तू आहेत. शॉट मोजा आणि सेकंदांना त्या आकड्याने भागा. आठ मिनिटांत साठ शॉट निघाले, तर सरासरी आठ सेकंद. हा आकडा एकटा काही सांगत नाही. भजनाचा तुकडा आणि भांडणाचा तुकडा अशा दोन सरासऱ्या शेजारी ठेवल्या की बोलू लागतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे तक्त्यात अर्थ भरणं. ‘वस्तू’ या रकान्यात ‘दारिद्र्य’ लिहू नका. ‘रिकामं मडकं’ लिहा.

प्रकार: एका चित्रपटावरून ओळखता येत नाही

संतपट हा प्रकार आहे असं म्हणायला निदान चार चित्रपट समोर हवेत. प्रभातचेच घ्या: ‘धर्मात्मा’ (१९३५, एकनाथ), ‘संत तुकाराम’, ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) आणि ‘संत सखू’ (१९४१). प्रत्येकासाठी एक ओळ करा आणि विचारा: संताचं घर कसं आहे, विरोध कोण करतो, चमत्कार कधी होतो आणि तो कोण पाहतं, राजसत्ता कुठे येते, शेवट कसा होतो.

तक्ता भरला की नुसतं साम्य दाखवून थांबू नका. साम्य कुणालाही दिसतं. फरक शोधा. तुकोबांच्या चित्रपटात घर आणि भक्ती यांची ओढाताण आहे आणि गावात सालोमालो हा प्रतिस्पर्धी आहे. सखूच्या गोष्टीत घर हाच विरोधक, कारण संत ही सून आहे. ज्ञानदेवांच्या गोष्टीत प्रपंचच नाही, वाळीत टाकलेली भावंडं आहेत. ‘संतावर अन्याय होतो’ हा सांगाडा तोच, पण अन्याय कुणाच्या हातून होतो हे बदललं की चित्रपटाचा रोख बदलतो.

पौराणिकपटाशीही तुलना करा. १९१३ साली फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हापासून चमत्कार हे पडद्याचं मोठं आकर्षण होतं. पण पौराणिकपटात देव स्वतःच पात्र असतो आणि चमत्कारातून त्याचं सामर्थ्य दिसतं. संतपटात चमत्कार बहुधा गावातल्या तंट्याचा निकाल लावतो. इंद्रायणीत बुडवलेली गाथा वर येते तेव्हा सिद्ध काय होतं? शूद्राला अभंग रचण्याचा अधिकार आहे, हे. ‘चमत्कार’ शब्दाशी न थांबता ‘निकाल कुणाच्या बाजूने’ हेही लिहिलंत तर प्रकाराचा अभ्यास खरा सुरू झाला.

नटही प्रकाराची खूण होऊ शकतो. पागनीस पुढे हिंदीत ‘संत तुलसीदास’ (१९३९) आणि ‘नरसी भगत’ (१९४०) यांत संतच झाले. वेगळ्या कंपन्या, वेगळे संत, चेहरा तोच. प्रेक्षक त्या चेहऱ्यासोबत काय घेऊन येत असेल, याचा एक परिच्छेद नक्की होतो.

संस्कृती: बोटांवर मोजता येईल इतकी बारीक

‘चित्रपटात वारकरी संस्कृती दिसते’ हे वाक्य खोडून टाका. ती नेमकी कशात दिसते ते सांगा. अभंगापासून सुरुवात करा. मोठ्या अभंगाच्या एका चौकात चार चरण, पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक. ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ हे बोटांवर मोजा: सहा, सहा, सहा, चार.

आता चित्रपटातलं ‘आधी बीज एकले’ मोजा. ‘आधी बीज एकले’ सात, ‘बीज अंकुरले’ सहा, ‘रोप वाढले’ पाच. साचा वेगळा. हे पद तुकोबांचं नाही, चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेलं आहे आणि संगीत केशवराव भोळे यांचं. तरी ते तुकोबांचंच आहे असं अनेकांना वाटतं. म्हणून नियम असा: चित्रपटातलं प्रत्येक पद गाथेच्या सूचीत पहिल्या चरणावरून शोधायचं आणि सापडलं की नाही ते नोंदवायचं. गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत, पण सूची अकारविल्हे असते, काम तासाभरात होतं. न सापडलेलं पद म्हणजे खोटेपणा नव्हे. १९३६ साली तुकोबांच्या तोंडी काय शोभेल असं वाटलं, याचा तो पुरावा आहे.

गाण्याचा ढंगही ऐका. सालोमालो तुकोबांचे शब्द स्वतःचे म्हणून गातो, पण त्याची तऱ्हा नाटकी, मिरवणारी. तुकोबांचं गाणं साधं, कामाच्या आणि चालण्याच्या लयीतलं. शब्द चोरता येतात, भाव चोरता येत नाही, हे संवादाआधी कानांना कळतं. पडद्याखाली येणाऱ्या शब्दांच्या पाटीकडे (सबटायटल) बघून अभ्यास करणाऱ्याच्या हातून हे निसटतं.

एक दृश्य, तीनदा

मुलगा आजारी. जिजाई त्याला ओढत देवळात आणते आणि पायातली वहाण हातात घेऊन विठोबाला जाब विचारते.

प्रकाराच्या अंगाने: संसाराची बाजू मांडणारी कजाग बायको हे संतपटातलं ठरीव पात्र. पण इथे कॅमेरा तिला हसतो की तिच्यासोबत राहतो? तक्ता काढा, तिला किती जवळून आणि किती वेळ दाखवलंय ते बघा.

संस्कृतीच्या अंगाने: परक्याला हा देवाचा अपमान वाटेल. वारकरी परंपरेत देवाशी भांडण ही जवळीक आहे. जनाबाईने ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ म्हटलंच आहे. म्हणजे वहाण उगारणारी जिजाई परंपरेबाहेर जात नाही, तिच्या टोकाशी उभी राहते.

राष्ट्राच्या अंगाने मात्र जपून. चित्रपट आला त्याच्या आदल्याच वर्षी, १९३५ साली, डॉ. आंबेडकरांनी येवल्याला हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली होती. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला होता. पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी उपोषण केलं ते १९४७ साली. देवळात कोण शिरू शकतं हा त्या काळातला धगधगता प्रश्न होता. पण म्हणून ‘हे दृश्य मंदिरप्रवेशाचं रूपक आहे’ असं लिहू नका. रूपक म्हणायला दोन पुरावे लागतात: एक चौकटीतला, एक त्याच वर्षांतला बाहेरचा. दुसरा नसेल तर ‘त्या काळच्या प्रेक्षकाला हा प्रश्न परिचित होता’ इतकंच म्हणा.

राष्ट्र: नावं आणि भाषा बघा

राष्ट्रीय ओळख शोधताना लोक भाषणं आणि झेंडे हुडकतात. परकीय राजवटीत ते पडद्यावर येणं अवघडच होतं. मुंबईत सेन्सॉर मंडळ १९२० पासून होतं. १९२१ सालच्या ‘भक्त विदुर’मधला विदुर गांधींसारखा दिसला म्हणून तो चित्रपट काही ठिकाणी रोखला गेला. ‘धर्मात्मा’चं मूळ नाव ‘महात्मा’, ते सेन्सॉरच्या हरकतीमुळे बदलावं लागलं. तेव्हा आधी नावाचा इतिहास तपासा. एका शब्दामागे कधीकधी अख्खं प्रकरण निघतं.

दुसरी जागा भाषेची. प्रभातने बरेच चित्रपट मराठी आणि हिंदी असे दुहेरी काढले. १९३७ सालचा ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला. कपाळावरची एक खूण जाऊन तिथे ‘दुनिया’ आली. १९४१ सालच्या ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’त मराठी आवृत्तीतला हिंदू शेजारी केशवराव दाते, हिंदीतला मजहर खान. मुसलमान शेजारी मिर्झा दोन्हीकडे गजानन जागीरदार. हिंदी आवृत्तीत हिंदूच्या भूमिकेत मुसलमान नट आणि मुसलमानाच्या भूमिकेत हिंदू. दोन्ही आवृत्त्यांतला एकच प्रसंग शेजारी लावा आणि आडनावं, संबोधनं, पोशाख, सणवार यांत काय बदललं ते लिहा. प्रांत कुठे संपतो आणि देश कुठे सुरू होतो, हे या यादीत दिसतं.

तुकोबांच्या चित्रपटात शिवाजी महाराज येतात. त्यांना ‘राष्ट्र’ म्हणून मोकळं होऊ नका. ते आल्यावर गाव कसं वागतं आणि तुकोबा नजराण्याचं काय करतात, हे बघा.

लिहिताना

पंधराशे शब्दांच्या निबंधाला दोनच दृश्यं पुरतात. प्रत्येक परिच्छेदात आधी वर्णन (तीन-चार वाक्यं, वेळेच्या नोंदीसह), मग एकच प्रश्न, मग उत्तर. ‘भारतीय संस्कृती’ असं लिहावंसं वाटलं की थांबा आणि विचारा: देहूची, पुण्याची, कुणब्याची की ब्राह्मणाची?

वेळेच्या नोंदी करण्याआधी प्रत तपासा. जालावर फिरणाऱ्या प्रतींत काही कापलेल्या असतात, काहींचा वेग चुकलेला असतो आणि गाण्यांचा सूर चढा लागतो. कोणत्या प्रतीवरून काम केलं आणि तिची लांबी किती, हे पहिल्याच पानावर लिहा. शंका आली तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चौकशी करा. त्या काळी चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका मिळाल्या तर त्याही बघा. पुस्तिकेत छापलेलं एखादं पद तुमच्या प्रतीत ऐकूच येत नसेल, तर कात्री कुठे लागली ते तिथेच कळतं.