माइल्सवर परदेशी जाताना: मुंबईहून निघा, वाटेत थांबा, बेंगळुरूला उतरा

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या माणसाला परदेशी जायला मुंबई जवळ की बेंगळुरू, यावर वाद घालून उपयोग नाही. बेळगावातून दोन्हीकडे साधारण ५०० किलोमीटर, आणि रस्ताही तोच, एनएच ४८. तरी रिटर्न तिकीट काढताना सवयीने मुंबई–मुंबई किंवा बेंगळुरू–बेंगळुरूच काढलं जातं. माइल्सच्या, म्हणजे विमानप्रवासाने किंवा क्रेडिट कार्डाने जमलेल्या पॉइंटवर काढलेल्या तिकिटाला ही सवय महागात पडते. अवॉर्ड सीट, म्हणजे माइल्सवर मिळणाऱ्या सीट, आधीच मोजक्या असतात. जाताना मुंबई आणि येताना बेंगळुरू (किंवा उलट) चालेल असं घरात ठरवून टाकलं, तर शोधायला भरपूर वाव मिळतो.

एका शहरातून निघून दुसऱ्याच शहरात परतणं म्हणजे ओपन-जॉ. तो परदेशातही करता येतो: झुरिकला उतरायचं, रेल्वेने फिरत पॅरिसला जायचं आणि तिथून परतीचं विमान पकडायचं. मधला रेल्वेचा खर्च अर्थात तुमचा. स्टॉपओव्हर म्हणजे वाटेतल्या शहरात २४ तासांपेक्षा जास्त मुक्काम. त्याहून कमी असेल तर आंतरराष्ट्रीय प्रवासात तो नुसता विमानबदल धरला जातो. सकाळी ९ ला उतरून दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला निघालात, तर २३ तास शहर बघून होतं आणि तो स्टॉपओव्हर म्हणून मोजलाही जात नाही. फक्त चेक-इनच्या वेळी बॅग कुठपर्यंत टॅग केली ते विचारा, नाहीतर कपडे पुढे आणि तुम्ही मागे.

ओपन-जॉसाठी खास नियम शोधण्याआधी एक गोष्ट बघा: तुमचा प्रोग्राम (ज्या विमान कंपनीकडे माइल्स जमा आहेत तिची योजना) वन-वे अवॉर्ड रिटर्नच्या निम्म्या माइल्समध्ये देतो का? देत असेल तर दोन वन-वे काढा, ओपन-जॉ आपोआप झाला. शिवाय परतीची तारीख बदलली तरी जाण्याच्या तिकिटाला धक्का लागत नाही. एकच रिटर्न तिकीट काढायचं ते त्यात काही जास्तीचं मिळत असेल तरच. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर प्रोग्राममध्ये सेव्हर (कमी माइल्सच्या दराच्या) रिटर्नवर एक स्टॉपओव्हर फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियाला मुलांकडे जाताना सिंगापूरला तीन दिवस थांबायचं असेल तर तिथे रिटर्नच काढावं. पण क्रिसफ्लायरमध्ये दुसऱ्यासाठी तिकीट काढायचं तर त्याचं नाव आधी नॉमिनी म्हणून नोंदवावं लागतं, आणि अशी नावं पाचच. आई-बाबांची नावं आजच घालून ठेवा.

आता एअर कॅनडाचा एरोप्लान. टोरांटोला जाणाऱ्यांना स्टॉपओव्हरसाठी यासारखा सोयीचा प्रोग्राम क्वचितच सापडेल. प्रत्येक वन-वेवर ५,००० पॉइंट जास्त देऊन एक स्टॉपओव्हर घेता येतो, ४५ दिवसांपर्यंत. फक्त तो कॅनडा-अमेरिकेत घेता येत नाही. भागीदार कंपनीचं विमान असेल तर माणशी ३९ कॅनेडियन डॉलर बुकिंग फी आणि वर कर. एक नमुना मार्ग: स्विसने मुंबई–झुरिक, तिथे आठवडाभर मुक्काम, मग एअर कॅनडाने टोरांटो. परतीचं वेगळं वन-वे: टोरांटो–फ्रँकफर्ट–बेंगळुरू, शेवटचा टप्पा लुफ्थान्साने. झुरिकला विमानतळाबाहेर पडायचं म्हणजे शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) व्हिसा आधी हवा. कॅनडाचा व्हिसा आहे म्हणून स्वित्झर्लंड आत घेत नाही.

थांबा कुठे घेता त्यावर करही बदलतात. लंडनमध्ये २४ तासांच्या आत पुढचं विमान धरलं तर ब्रिटनचा प्रवासी कर लागत नाही. त्याहून जास्त थांबलात की तिथून निघताना तो लागतो, आणि बिझनेस क्लासला जास्त. ‘फुकट’ स्टॉपओव्हरचं बिल असं येतं.

शोधताना पूर्ण मार्ग एकदम टाकू नका. साइट सरळ ‘उपलब्ध नाही’ म्हणून मोकळी होते. एकेक टप्पा वेगळा शोधा, विमान क्रमांक, तारीख, वेळ कागदावर लिहा, आणि मगच साइटवरच्या ‘मल्टी-सिटी’ पर्यायात जोडा. स्टार अलायन्स (एअर कॅनडा, स्विस, लुफ्थान्सा, सिंगापूर एअरलाइन्स वगैरे कंपन्यांचा गट) मधल्या भागीदार विमानांत अवॉर्डची सीट इकॉनॉमीला ‘एक्स’ आणि बिझनेसला ‘आय’ या अक्षराने नोंदलेली असते. साइटवर जुळलं नाही तर कॉल सेंटरला फोन करून क्रमांक आणि अक्षरं वाचून दाखवा. एका साइटवर दिसलेली सीट दुसऱ्या भागीदाराच्या साइटवर दिसते का तेही पाहा. कुठेच दिसत नसेल तर ती बहुधा भुताटकीची सीट, पैसे भरताना गायब होणारी.

ही खात्री झाल्याशिवाय क्रेडिट कार्डाचे पॉइंट एअरलाइनकडे वळवू नका. एकदा गेलेले पॉइंट परत येत नाहीत, आणि पोचायला काही तासांपासून काही दिवस लागतात.

नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. आपल्याकडे पासपोर्टवर बहुधा नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गिव्हन नेममध्येच असतं. माइल्स खात्यात ते गाळलेलं असेल तर आधी खातं दुरुस्त करा.

बुकिंग झाल्यावर ईमेलमध्ये १३ आकडी तिकीट नंबर आला का बघा. सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. प्रत्येक विमान कंपनीचा पीएनआर वेगळा असतो. तो मागून घ्या, सीट त्यावरच निवडता येते. वेळापत्रक बदललं तर मात्र दाद मागायची ती ज्यांच्या माइल्सवर तिकीट काढलं त्यांच्याकडे. विमान कंपनी हात वर करते.

आता आपल्या भागातल्या माणसाची हमखास होणारी चूक. तिकीट मुंबई–बेंगळुरू–परदेश असं आहे, आणि बेंगळुरू रात्रीच्या गाडीने सोयीचं पडतं, म्हणून मुंबईचा टप्पा सोडून थेट बेंगळुरूला चढायला जायचं. पहिला टप्पा चुकवला की पुढचं सगळं तिकीट रद्द होतं, परतीसकट. बेंगळुरूहूनच चढायचं असेल तर तिकीटच तिथून काढा.

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळाहून, स्वतंत्र तिकिटाने विमान पकडणार असाल तर वजन आधी बघा. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो चालतं, परदेशी तिकिटावर बॅग बहुधा २३ किलोची. कुंदा, चटण्या, पापड भरलेल्या दोन बॅगा सांबऱ्यालाच जड पडतात. शिवाय तिकिटं वेगळी असल्याने पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची कंपनी थांबत नाही, की दुसरी सीट देत नाही. मुंबईत आता नवी मुंबईचाही विमानतळ आहे. उतरणार कुठे आणि चढणार कुठून, तिकिटावर वाचा. जड सामान घेऊन जाताना बस किंवा गाडी बरी. परतताना बेंगळुरूहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रभरात बेळगावला आणते.

परदेशी विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, रात्री १:४५ असेल तर विमानतळावर १४ च्या रात्री १० पर्यंत पोचायचं, म्हणजे बेळगावातून १४ ला पहाटेच निघायचं. १४ च्या रात्रीची बस धरलीत तर विमान चुकलं, आणि वर सांगितल्याप्रमाणे त्यामागचे सगळे टप्पेही.