पिस्तुलाचे स्वस्त मॅगझीन : भरवसा ठेवण्यापूर्वी ते कसे तपासावे

अमेरिकेत ग्लॉक १९ या पिस्तुलासाठी कंपनीचे स्वतःचे मॅगझीन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची डबी, साधारण २५ ते ३० डॉलरला मिळते, तर त्याच पिस्तुलात बसणारे दुसऱ्या उत्पादकाचे मॅगझीन, ज्याला तिथल्या बोलीत आफ्टरमार्केट म्हणतात, १० ते १५ डॉलरला पदरात पडते. हा फरक पाहून एकदम पाच-सहा मॅगझिने मागवण्याचा मोह होतो. मात्र स्वस्त मॅगझीनची खरी किंमत पाकिटावर छापलेली नसते. ते विश्वासार्ह आहे की नाही हे ठरवण्यासाठी जी काडतुसे खर्च करावी लागतात, ती त्या किमतीत मिळवली पाहिजेत. सरावाचे साधे ९ मिमी काडतूस पाव डॉलरच्या आसपास पडते, म्हणजे एका मॅगझीनमागे वाचवलेले १५ डॉलर ६० फैरींतच संपतात. जो नियमितपणे शूटिंग रेंजवर जातो, त्याची काडतुसे एरवीही खर्च होणारच असतात, त्यामुळे त्याला हा व्यवहार परवडतो. वर्षातून एकदा रेंजवर जाणाऱ्याने कंपनीचेच मॅगझीन घेतलेले बरे.

खरेदीआधी कायदा पाहावा. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी यांसारख्या राज्यांनी मॅगझीनमधील काडतुसांवर १० ची मर्यादा घातली आहे, कोलोरॅडोत ती १५ आहे. या कायद्यांवर न्यायालयात सतत दावे चालू असतात, म्हणून आपल्या राज्यातील आजची स्थिती स्वतः तपासावी. अमेरिकेतील मराठी वाचकांपैकी जे एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर आहेत, त्यांना संघीय कायद्याने काही ठरावीक अपवाद वगळता बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. ग्रीन कार्डधारकांना ती मनाई लागू होत नाही. भारतात येताना रिकामे मॅगझीनही सामानात राहू देऊ नये, कारण १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील 'शस्त्रे' या संज्ञेत शस्त्रांचे भागही येतात आणि 'चुकून राहिले' हे उत्तर विमानतळावर पुरत नाही.

आता मूळ विषय. मॅगझीन दिसायला पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची डबी असली, तरी पिस्तुलाच्या साखळीतील सर्वांत नाजूक दुवा तीच आहे. गोळी सुटल्यावर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाते आणि क्षणार्धात पुढे येते. तेवढ्या अवधीत स्प्रिंगने काडतुसांची संपूर्ण चळत वर ढकलून वरचे काडतूस अगदी योग्य उंचीवर आणि योग्य कोनात उभे करायचे असते. काडतुसाला वरून धरून ठेवणाऱ्या दोन वळवलेल्या कडा, म्हणजे फीड लिप्स, हा कोन आणि सुटण्याचा क्षण ठरवतात. काडतुसांखालचा सरकता तुकडा, म्हणजे फॉलोअर, चळतीला तिरकी होऊ देत नाही आणि शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागे अडकवून ठेवणारा खटका उचलतो. मॅगझीन पूर्ण भरलेले असते तेव्हा चळत जड असते आणि घर्षणही अधिक असते. शेवटच्या काडतुसापाशी स्प्रिंग सर्वांत सैल झालेली असते. म्हणून बहुतेक दोष पहिल्या एक-दोन किंवा शेवटच्या एक-दोन काडतुसांना उघडे पडतात, आणि तपासणीचा भरही तिथेच असला पाहिजे.

पहिली पायरी म्हणजे प्रत्येक मॅगझीनवर ऑइल पेंटच्या पेनने क्रमांक घालणे. एकाच पाकिटातील तीन मॅगझिने सारखी वागतील असे गृहीत धरू नये. मी एकदा घेतलेल्या तिघांपैकी दोन निर्दोष निघाली आणि तिसरे शेवटच्या काडतुसानंतर स्लाइड मागे अडकवायला दर दोन-तीन वेळांनी विसरत असे. क्रमांक नसता तर मी पिस्तुलालाच दोष देत बसलो असतो.

दुसरी पायरी डोळ्यांची आणि बोटांची. यासाठी कंपनीचे एक मॅगझीन तुलनेला हाताशी असावे; ते नसेल तर आधी तेच विकत घ्यावे. दोन्ही शेजारी धरून फीड लिप्सचा आकार आणि त्यांच्यातील अंतर पाहावे, शक्य असल्यास कॅलिपर या बारीक मापाच्या साधनाने मोजून वहीत लिहावे. पत्र्याच्या नळीचे वेल्डिंग आतून खरखरीत नाही ना, कडांवर धातूचे बारीक कंगोरे उरले नाहीत ना, हे बोट फिरवून कळते. फॉलोअर बोटाने एका कोपऱ्यावर दाबून खाली न्यावा आणि सोडावा. तो मध्येच तिरका होऊन अडकला, तर पुढचे काही तपासायची गरज नाही. प्लॅस्टिकच्या मॅगझीनमध्ये आत पोलादी अस्तर आहे का, हेही पाहावे. ग्लॉकच्या मूळ मॅगझीनमध्ये ते असते. अस्तर नसलेली मॅगझिने सगळीच वाईट असतात असे नाही, पण ती पूर्ण भरल्यावर किंचित फुगून पिस्तुलात घट्ट बसण्याची शक्यता अधिक असते. आतल्या पृष्ठभागाचा लेप हीदेखील किरकोळ बाब नाही. अमेरिकी सैन्याच्या बेरेटा एम ९ पिस्तुलांसाठी पुरवलेल्या काही मॅगझिनांवर खडबडीत फॉस्फेटचा जाड थर होता. इराकमधील बारीक वाळू त्यावर चिकटून बसे, फॉलोअर वर सरकेनासा होई आणि सैनिकांना अडचण येई. पुढे गुळगुळीत लेपाची मॅगझिने आली. चकचकीत बंदिस्त रेंजवर जे उत्तम चालते, ते धुळीत तसेच चालेल असे नाही.

तिसरी पायरी घरी, पण पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून आणि जिवंत काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवूनच करावी. रिकामे मॅगझीन पिस्तुलात घालून स्लाइड मागे ओढावी. ती अडकून राहिली पाहिजे. हे दहा वेळा करावे. मग मॅगझीन सोडण्याचे बटण दाबावे. मॅगझीन आपल्या वजनाने खाली पडले पाहिजे. एक अपवाद ध्यानात ठेवावा : ग्लॉकची काही जुनी मॅगझिने मुळातच आपोआप पडणारी नव्हती, म्हणून हा दोष मानण्यापूर्वी आपल्या पिस्तुलाची पिढी तपासावी. २०१० मध्ये आलेल्या चौथ्या पिढीपासून बटण उजव्या बाजूला बदलता येते. डाव्या हाताने नेमबाजी करणाऱ्याने ते बदलले असेल, तर त्या बाजूला खाच नसलेले मॅगझीन पिस्तुलात धरून राहणारच नाही. यानंतर डमी, म्हणजे दारू नसलेली, काडतुसे भरून स्लाइड हाताने चालवावी. हाताची गती गोळीच्या गतीपुढे काहीच नाही, त्यामुळे या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याने फारसे सिद्ध होत नाही. नापास झाल्याने मात्र बरेच सिद्ध होते.

शेवटचे डमी काडतूस भरल्यावर वरच्या काडतुसावर अंगठ्याने दाबून पाहावे. ते थोडे तरी खाली गेले पाहिजे. काहीच वाव उरला नसेल, तर बंद स्लाइडखाली ते मॅगझीन बसवताना तळव्याने ठोसा मारावा लागतो, आणि घाईत ते अर्धवट बसून पहिल्या फैरीनंतर जमिनीवर पडते. पाकिटावर १५ लिहिलेले असले तरी १४ च भरून वापरणे हा यावरचा साधा उपाय आहे, आणि त्यात कमीपणा नाही.

चौथी पायरी रेंजवरची. कानांना आणि डोळ्यांना संरक्षण हवेच. सुरुवात नेहमी कंपनीच्या मॅगझीनने करावी, म्हणजे त्या दिवशी पिस्तूल आणि काडतुसे ठीक आहेत हे आधी कळते. त्यानंतर प्रत्येक स्वस्त मॅगझीन पूर्ण भरून रिकामे करावे, आणि प्रत्येक भरणीत तीन गोष्टी नोंदवाव्यात : पहिले काडतूस नीट चढले का, शेवटचे चढले का, आणि शेवटी स्लाइड अडकली का. दोष आढळला तर 'जॅम झाले' एवढेच लिहून चालत नाही. काडतुसाचे टोक खाली झुकून चेंबरच्या (गोळी झाडताना काडतूस जिथे बसते त्या जागेच्या) तोंडापाशी रुतले असेल, तर संशय फॉलोअर किंवा कमजोर स्प्रिंगवर जातो. स्लाइड काडतूस न उचलताच रिकामी पुढे गेली असेल, तर चळत वेळेत वर आली नाही, म्हणजे पुन्हा स्प्रिंग किंवा नळीतील घर्षण. काडतुसे शिल्लक असताना स्लाइड मध्येच अडकली, तर फॉलोअरचा आकार चुकलेला असू शकतो, पण तसे ठरवण्याआधी आपला अंगठा तर खटक्याला लागत नाही ना, हे पाहावे, पुष्कळदा लागतो. दोष दिसताच तीच काडतुसे कंपनीच्या मॅगझीनमधून झाडावीत. दोष तिथेही आला तर तो स्वस्त मॅगझीनचा नाही.

१९११ घराण्याच्या पिस्तुलांबाबत थोडे अधिक सावध राहावे लागते. जॉन ब्राउनिंगचा हा आराखडा अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारला तेव्हा .४५ ची सात काडतुसे आणि गोल टोकाची गोळी गृहीत होती. त्या मूळ मॅगझीनच्या फॉलोअरवर एक छोटा उंचवटा असतो. धक्क्याने शेवटचे काडतूस पुढे सरकू नये, हे त्याचे काम. स्वस्त आठ-काडतुसी मॅगझीनमध्ये जागा करण्यासाठी फॉलोअर पातळ किंवा सपाट केलेला असला, तर नेमके शेवटचे काडतूसच दगा देऊ शकते. चपट्या किंवा पोकळ टोकाच्या गोळ्या वापरणार असाल, तर परीक्षा त्याच गोळ्यांनी झाली पाहिजे.

किती फैरी झाडाव्यात, यावर प्रत्येक रेंजवर वाद चालतो. संख्याशास्त्रात तीनचा नियम म्हणून एक सोपा ठोकताळा आहे : एकही दोष न येता जितक्या फैरी झाल्या, त्या संख्येने तीनला भागावे, येणारे उत्तर ही दोषाच्या प्रमाणाची वरची मर्यादा, सुमारे ९५ टक्के खात्रीने. म्हणजे १०० फैरी निर्दोष गेल्या तरी दोषाचे प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत असू शकते, ३०० फैरींनंतर ते १ टक्क्यावर येते. 'पन्नास झाडल्या, काही झाले नाही' या वाक्याला किती अर्थ आहे, हे यावरून दिसेल. माझा स्वतःचा दंडक असा आहे की सरावाच्या मॅगझीनला १०० निर्दोष फैरी पुरेत. घराच्या संरक्षणासाठी ठेवायचे ते मॅगझीन ३०० फैरींतून गेलेले आणि शक्यतो कंपनीचेच असावे. 'कंपनीचेच' या शब्दाचाही थोडा विचार करावा. इटलीची मेक-गार ही संस्था अनेक पिस्तूल-उत्पादकांसाठी मॅगझिने बनवते आणि आपल्या नावानेही विकते, त्यामुळे आफ्टरमार्केट हा शब्द आपोआप हलक्या मालाचा निदर्शक ठरत नाही. उलट कंपनीचे नाव असलेले पण अनोळखी विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत मिळणारे मॅगझीन बनावट असण्याची शक्यता असते.

उत्तीर्ण झालेले मॅगझीन कायमचे उत्तीर्ण नसते. भरलेले ठेवल्याने चांगली स्प्रिंग फारशी थकत नाही. ती थकते वारंवार दाबल्या-सुटल्याने. फीड लिप्स मात्र भरलेले मॅगझीन फरशीवर पडल्याने फाकतात, म्हणून वहीतील कॅलिपरचे माप अधूनमधून पुन्हा घ्यावे. फाकलेल्या लिप्स पक्कडीने वाकवून जागेवर आणण्याच्या भानगडीत पडू नये. नापास मॅगझीनवर लाल रंगाचा पट्टा ओढून ते अडकलेले काडतूस सोडवण्याच्या सरावासाठी ठेवता येते, आणि टाकूनच द्यायचे असेल तर नळी हातोड्याने चेपवून टाकावे, म्हणजे रेंजवरच्या कचऱ्याच्या डब्यातून उचलून ते दुसरा कोणी वापरणार नाही.