अँगल ग्राइंडरची (धातू कापायच्या-घासायच्या हातमशीनची) चकती बदलताना आणि वापरताना

आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पाना लावताना बोट बटणावर पडतंच.

नव्या चकतीवर छापलेला कमाल आरपीएम (मिनिटाला किती फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त किंवा निदान तेवढा हवा. मधल्या धातूच्या कड्यावर मुदत कोरलेली असते, तीही बघा. कडेला बारीकशी चीर किंवा टवका दिसला तर चकती सरळ फेकून द्या.

चकती बसवल्यावर गार्ड, म्हणजे चकतीवरचं संरक्षक झाकण, जागेवर घट्ट करा. मोठी चकती मावावी म्हणून गार्ड काढणं हा सगळ्यात घातक प्रकार. मग बाजूला उभं राहून मशीन मिनिटभर रिकामं फिरवा. सदोष चकती बहुधा तेव्हाच फुटते.

कापताना खरा धोका मशीन उसळून बसणाऱ्या झटक्याचा. दोन टेकूंच्या मधोमध पट्टी कापली की ती खाली वाकते, काप मिटतो, चकती चिमटते आणि मशीन अंगावर उसळतं. म्हणून पट्टी एका बाजूला शिकंज्यात आवळा, कापायचं टोक मोकळं लोंबू द्या. दोन्ही हात मशीनवर, चष्मा डोळ्यांवर. कटिंग चकतीच्या सपाट बाजूने घासू नका, ती आडवा दाब सोसत नाही.